रक्त स्वच्छ आहे

भीमा दारात येऊन उभा राहिला तेव्हा प्रभा बाजाराला निघायच्या तयारीत होती. टोपलीवर फडकं बांधता बांधता तिने विचारलं, "एवढ्यात आलात? मासळी कुठाय?"

"मासळी नाही वहिनी. बोट खडकावर चढली." भीमा आत आला नाही. "खाडीच्या तोंडाशी. पाणी भरत होतं म्हणून निघाली, नाहीतर तळच फाटला असता."

"आणि हे?"

"दादा किनाऱ्यावर बसलाय. कुणाला लागलं नाही." त्याने मागे वळून गल्लीत कुणी नाही ना ते पाहिलं. "वहिनी, राग मानू नका. दादा पितो का हल्ली?"

भीमा म्हणजे प्रभाच्या नवऱ्याचा, एकनाथचा, चुलतभाऊ. बोट दोघांची, पण तांडेल एकनाथ. सुकाणू त्याच्या हातात, आणि बोटीवर शब्दही त्याचाच. धाकट्या डहाणूच्या खाडीचं तोंड नवख्याला घाम फोडतं. एकनाथ मात्र दाट धुक्यातसुद्धा पाण्याचा रंग बघून बोट आत आणायचा. त्याच्यामागून येणाऱ्या बोटी त्याच्या पाण्याच्या रेघेवरून आत शिरायच्या.

"नाही पीत," प्रभा म्हणाली.

"मग त्याला झालंय काय? खडक समोर दिसत होता. मी ओरडलो, डावीकडे घे. त्याने माझ्याकडे बघितलं. हसला. आणि तसाच सरळ गेला."

सुक्या बोंबलांची टोपली उचलून प्रभा बाहेर पडली. बाजारात बसली, पण त्या दिवशी तिने गिऱ्हाइकाशी एकदाही घासाघीस केली नाही.

एकनाथमध्ये काहीतरी बदललंय हे तिला गणपतीपासून जाणवत होतं. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर तो उशिरा द्यायचा, जणू प्रश्न लांबून चालत येत होता. शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागायचा. कधी जेवून उठल्यावर पुन्हा पाटावर येऊन बसायचा आणि तिने टोकलं की म्हणायचा, "गंमत केली." एके काळी घरात शिरला की सगळ्यांवर ओरडणारा हा माणूस आता ओट्यावर तासन्‌तास बसून राही. कुठे होता म्हणून विचारलं तर एकदा सांगे सुताराकडे, मग थोड्या वेळाने सांगे डहाणूला डिझेल बघायला.

खोटं बोलणारा नवरा प्रभाला ओळखता येत होता. तो तिने एकदा पाहिला होता.

लग्नानंतर काही वर्षं एकनाथ हंगामाला वेरावळला जायचा, तिकडच्या मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून. तिथून तो आजार घेऊन आला. मुलगी श्रुतिका तेव्हा शाळेत होती. ताप हटेना, वजन उतरलं, तेव्हा तपासणीत एचआयव्ही निघाला. प्रभाची तपासणी झाली, तिला काही नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, रोज गोळ्या घेतल्या तर माणूस पुरतं आयुष्य जगतो. गोळ्या डहाणूला घ्यायच्या नाहीत हे दोघांनी तेव्हाच ठरवलं. तिथे रांगेत कुणी ना कुणी ओळखीचं निघणार. त्यांनी तलासरीचा दवाखाना गाठला. डोंगराकडच्या त्या गावात किनाऱ्यावरचं कुणी फिरकत नाही. पहिल्या गोळ्या काही काळाने चालेनाशा झाल्या, मग दुसऱ्या दिल्या, आणि त्या लागू पडल्या. एकनाथ पुन्हा उभा राहिला, त्याने भीमाबरोबर स्वतःची बोट केली. गावात कुणाला कळलं नाही, श्रुतिकालाही नाही. प्रभाने त्याला घराबाहेर काढलं नाही. माफ केलं का, हे तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

त्यामुळे आता त्याचे दोन दोन जबाब ऐकले की तिला वेरावळच आठवायचं. आणि एकनाथही तिच्यावर नजर ठेवू लागला होता. गोळ्यांचा डबा तो रोज नव्या जागी लपवायचा आणि सापडला नाही की तिच्यावर धावून यायचा. "तू हलवलास. तुला वाटतं मी मरावं."

"मला वाटत असतं तर केव्हाच मेला असता," ती एकदा म्हणाली. त्यावर तो भांडला नाही. तिच्या तोंडाकडे नुसता बघत राहिला. ते तिला भांडणापेक्षा भयंकर वाटलं.

बोट खडकावर चढली त्यानंतर काही दिवसांतच ती पांढरी गाडी आली.

दुपारची वेळ. बायका बांबूंवर बोंबील टांगत होत्या. गाडी थेट वाडीत शिरली, एकनाथच्या घरासमोर थांबली, आणि मागच्या दारातून एकनाथ उतरला. गाडीतल्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र होतं. तो प्रभाला हिंदीत म्हणाला, "भाऊ वाढवणच्या फाट्यावर उभे होते. घर कुठे म्हटलं तर नीट सांगेनात. म्हणून सोडायला आलो." पाणीसुद्धा न पिता तो निघून गेला.

पण गळ्यात ओळखपत्र आणि पांढरी गाडी एवढं वाडीला पुरेसं होतं. वाढवणला बंदर होणार म्हणून सगळी किनारपट्टी पेटलेली. ओळख नसलेली कुठलीही गाडी दिसली की ती बंदराच्या पाहणीचीच असणार असं लोक धरून चालत. त्या लढ्यात एकनाथ इतकी वर्षं पुढे होता. मोर्चात पहिली घोषणा त्याची, सभेत पहिला सवाल त्याचा. गेल्या काही बैठकांना मात्र तो मुका बसून होता, एकदा तर मधेच उठून घरी गेला होता. आता लोकांनी सगळं जोडलं. गप्प बसतो, मधेच निघून जातो, त्यांच्या गाडीतून येतो. एकनाथ फुटला.

देवळाच्या मांडवात बैठक बसली. सुदाम म्हणजे मच्छीमार संस्थेतला जुना, शब्दाला वजन असलेला माणूस. त्याने एकनाथला समोर बसवून विचारलं, "गाडी कुणाची होती?"

एकनाथ विचार करत राहिला. "गाडी," तो म्हणाला. "चांगला माणूस होता."

मांडवात कुजबुज झाली. सुदामचा आवाज चढला. "तू तिथे कशाला गेला होतास?"

"मी..." एकनाथने प्रभाकडे पाहिलं. शाळेत फळ्यासमोर उभं केलेलं पोर बाईंकडे पाहतं तसं. "मी घरी येत होतो."

"वाढवणवरून? सकाळी डहाणूला जातो सांगून निघालास, आणि घरी वाढवणवरून येतोस?" कुणीतरी मागून हसलं. कुणीतरी म्हणालं, "बोटही मुद्दामच घातली असेल खडकावर." भीमा मान खाली घालून बसला होता. भावाच्या बाजूने तो बोलला नाही, विरुद्धही बोलला नाही.

प्रभाला कळलं की आता काहीतरी बोलावं लागणार. खरं काय ते तिलाही माहीत नव्हतं. जे माहीत होतं ते सांगितलं तर उद्यापासून तिच्या टोपलीतली मासळी कुणी घेणार नाही, आणि श्रुतिकाच्या लग्नाची बोर्डीच्या ज्या घरी बोलणी चालली होती ते पुन्हा फोन करणार नाहीत. गद्दार म्हणून राहू दिलं तर या वाडीत राहणंच संपलं.

ती उठून उभी राहिली. "ते पितात," ती म्हणाली. "दुसरं काही नाही. चोरून पितात. मी लाजेने बोलले नाही."

मांडव सैलावला. दारू सगळ्यांना समजत होती. प्रत्येक घरात एक तरी होता. सुदामने सुस्कारा सोडला. "मग आधी सांगायचं नाही का, पोरी?" भीमाने फक्त मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याने विचारलं होतं तेव्हा ती नाही म्हणाली होती.

घरी येताना वाटेत एकनाथ एवढंच म्हणाला, "मी कधी प्यायलो?" आणि थोडं चालून पुन्हा, "मी प्यायलो का?"

तेव्हापासून बोट भीमा नेऊ लागला. एकनाथला घरीच ठेवलं. पण तो घरी टिकत नव्हता. प्रभा बाजाराला गेली की निघून जायचा आणि ती यायच्या आत परतायचा. एक दिवस बाजारात शेजारी बसणारी रखमी तिच्या कानाशी आली. रखमी सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला जायची.

"सांगू की नको असं झालंय. तुझा नवरा तलासरीला दिसला. मागच्या वेळीही दिसला होता. एका बाईजवळ बसलेला."

"कोण बाई?"

"मला काय माहीत? वारली बाई आहे. दोघं चहा पीत होती."

गोळ्यांची तारीख अजून लांब होती. तलासरीला जायचं दुसरं कारण नव्हतं. प्रभाचा संशय इतके दिवस नुसता भटकत होता, त्याला आता घर मिळालं. म्हणजे हेच. विसरणं नाटक, गप्प बसणं नाटक. तिने गावासमोर त्याची लाज झाकली आणि हा इकडे वेरावळ पुन्हा करतोय.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती टोपली घेऊन निघाली, टोपली रखमीच्या घरी ठेवली आणि एसटी थांब्याच्या आडोशाला उभी राहिली. एकनाथ आला. धुतलेला शर्ट, बटणं एक घर चुकवून लावलेली. तो बसमध्ये पुढे बसला, ती डोक्यावरून पदर ओढून मागे. तो एकदाही मागे वळला नाही. बोर्डीनंतर चिकूच्या वाड्या मागे पडल्या, रस्ता डोंगराकडे वळला. काय बोलायचं ते प्रभा मनात घोळवत होती. त्या बाईला कुठले शब्द आणि त्याला कुठले.

तलासरीला तो उतरला आणि सरळ रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेल्या एका बाईजवळ जाऊन उभा राहिला. बाई वयाने बरीच मोठी होती. केस पांढरे, हातावर हिरवं गोंदण. तिने आपल्या मागचं पोतं झटकून त्याला बसायला दिलं. चहावाल्याला हाक मारली. एकनाथ बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

प्रभा समोर जाऊन उभी राहिली. तयार केलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण बाईनेच आधी विचारलं, "हा तुझा माणूस हाय का?"

"हो. का?"

"मग घेऊन जा ग बाय. कितीदा आला. येतो नि मला विचारतो, दवाखाना कुठं. मी सांगते, तो काय समोर. उठतो, थोडा जातो, परत येतो. परत विचारतो, दवाखाना कुठं." तिने रस्त्यापलीकडे बोट केलं. तिथे दवाखान्याची पिवळी भिंत दिसत होती. "एकदा गाडीखाली येत होता. तवापासून मी बसवून ठेवते. मग बसमध्ये चढवते. पर पुढं तो कुठं उतरतो ते मला नाय माहीत."

बाईचं नाव बायजी. प्रभाने ते नंतर विचारलं. त्या क्षणी ती नवऱ्याकडे पाहत होती. या दवाखान्यात ती दोघं किती वर्षं येत होती. ती पिवळी भिंत डोळे मिटून सापडावी.

"कशाला येत होता तुम्ही इथे?" तिने विचारलं.

एकनाथने बराच वेळ घेतला. "डॉक्टरांना सांगायचं होतं," तो म्हणाला. "डोक्यात काहीतरी होतंय. तुला सांगितलं तर तू म्हणशील नाटक करतो."

तिने त्याची बटणं सोडली आणि रस्त्याच्या कडेलाच, सगळ्यांदेखत, नीट लावली. मग हात धरून त्याला रस्ता ओलांडून नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधीचा रिपोर्ट पाहिला. "रक्त स्वच्छ आहे. विषाणू दिसत नाही. गोळ्या व्यवस्थित चालू आहेत."

"मग हे काय आहे?" प्रभा म्हणाली. "पुन्हा कुठून काही आणलं का यांनी? मला खरं सांगा. मी ऐकायला तयार आहे."

डॉक्टरांनी तिला थांबायची खूण केली. एकनाथला तीन शब्द सांगितले, छत्री, नारळ, पूल. मग चालायला लावलं, बोटं भराभर अंगठ्याला टेकवायला लावली. त्याची बोटं चिखलातून चालल्यासारखी हलत होती. शेवटी विचारलं, मघाचे शब्द कुठले होते? एकनाथ म्हणाला, "नारळ." आणि मग हसला. भीमाने सांगितलेलं हसू हेच, हे प्रभाला तेव्हा कळलं. उत्तर सापडलं नाही की तो हसत होता.

"त्यांनी नवं काही आणलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हा जुनाच विषाणू आहे. बघा, मेंदूभोवती एक गाळणी असते. रक्तातली प्रत्येक गोष्ट तिच्यातून पलीकडे जात नाही. काही औषधंही पुरेशी जात नाहीत. विषाणू मात्र पहिल्या दिवसांतच आत गेलेला असतो. रक्तात औषध त्याला दाबून ठेवतं, पण आत तो कधी कधी जिवंत राहतो. वर्षानुवर्षं. आणि मग हळूहळू माणूस मंदावतो, विसरतो, तोल जातो. मला तसा संशय आहे. संशयच आहे, खात्री नाही. मुंबईला मेंदूचा एमआरआय करावा लागेल आणि पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासावं लागेल."

"म्हणजे गोळ्या चुकवल्या म्हणून नाही?"

"नाही. त्यांनी काही चुकवलेलं दिसत नाही."

प्रभा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मुंबईला कधी जायचं?"

मुंबईच्या सरकारी रुग्णालयात एकनाथला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून पाणी काढलं. तो प्रभाचा हात घट्ट धरून होता आणि सुईवाल्या डॉक्टरकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. "तू सांगितलंस का यांना टोचायला?" तो म्हणाला. तिने सांगितलं, "हो. मीच." त्यावर तो शांत झाला.

रिपोर्ट आला. रक्तात जवळजवळ काहीच नाही, पाण्यात विषाणू भरपूर. तलासरीच्या डॉक्टरांचा संशय खरा निघाला. गोळ्या बदलल्या. मेंदूत जास्त पोचतील अशा दिल्या. मोठ्या डॉक्टरांनी प्रभाला आधीच सांगून ठेवलं, "सुधारतील. पण जे गेलं ते सगळं परत येईलच असं नाही."

घरी न्यायला आलेल्या श्रुतिकाला तिने मुंबईहून येताना गाडीतच सांगितलं. वडील खिडकीला टेकून झोपले होते. मुलगी म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटायचं तू बाबांशी उगाच तुसडेपणाने वागतेस." आणि रडायला लागली. आपण कुणासाठी रडतोय ते तिने सांगितलं नाही.

सुधारणा आली ती भरतीच्या पहिल्या पाण्यासारखी, येतेय की नाही हे कळू नये अशी. आधी उत्तरं लवकर येऊ लागली. मग त्याने एक दिवस चहात साखर कमी म्हणून कप परत केला आणि प्रभा चूल सोडून बाहेर जाऊन उभी राहिली, हसू की रडू ते न कळून. होळीच्या सुमाराला तो जाळं विणायला बसू लागला. तेव्हा एका सकाळी, सुई जाळ्यात तशीच धरून, त्याने विचारलं, "मांडवात तू सांगितलंस ना, मी पितो म्हणून?"

ती निवडत असलेल्या तांदळाकडे बघत राहिली. "तुम्हाला आठवतं?"

"सगळं नाही. ते आठवतं." तो थांबला. आता त्याचं थांबणं वेगळं होतं, तो शब्द शोधत नव्हता, निवडत होता. "मला तेव्हा खरंच वाटलं की मी पीत असेन. तू खोटं बोलशील असं वाटलं नाही."

"गद्दार म्हणून हाकललं असतं त्यांनी."

"हो. पण भीमाला वाटतं मी पिऊन त्याच्या जिवावर बोट घातली खडकावर. त्याची पोरं आहेत, प्रभा."

दुपारी तिने भीमाला घरी बोलावलं. एकनाथ म्हणाला मी सांगतो, पण मधेच त्याचं वाक्य अडकलं, मग उरलेलं तिने सांगितलं. वेरावळपासून पाण्याच्या तपासणीपर्यंत. भीमाने ऐकून घेतलं. समोरचा चहा त्याने उचलला नाही.

"म्हणजे आम्ही एका टोपात जेवलो इतकी वर्षं," तो शेवटी म्हणाला.

"जेवण्याने होत नाही," एकनाथ म्हणाला. "माझ्या बायकोला नाही झाला."

"ते तुम्ही सांगता." भीमा उठला. दारात पोचल्यावर म्हणाला, "तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं, ठेवायचं का बरोबर. मी ठेवलं असतं की नाही मला माहीत नाही. पण विचारायला हवं होतं." आणि गेला. चहावर साय धरली.

त्यानंतर तो कितीतरी दिवस फिरकला नाही. प्रभा रोज बाजारात बायकांचे चेहरे बघायची. ही बाजूला सरकली का? हिने पिशवी मागे घेतली का? रखमी एकदा पाणी प्यायला तिचा तांब्या उचलून परत खाली ठेवून गेली, आणि प्रभाचा दिवस त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी रखमी त्याच तांब्यातलं पाणी गटागटा प्यायली. काहीच कळायला मार्ग नव्हता. बोर्डीच्या घरून फोन आला नाही, पण तो आधीही नियमाने येत नव्हता. इतके महिने ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, आता गावाच्या तोंडाकडे बघत होती, आणि दोन्हीकडे ती सारखीच थकायची.

भीमाने गावाला काय सांगितलं हे तिला सुदामकडून कळलं. तो वाटेत थांबून म्हणाला, "एकनाथच्या मेंदूला आजार झाला होता म्हणे. दारूबिरू काही नव्हती. भीमाने सगळ्यांना बोलावून सांगितलं. माझी चूक झाली, पोरी." बाकीचं भीमाने आपल्या घरातच ठेवलं होतं.

पावसाळ्याची बंदी उठली. नारळीपौर्णिमा झाली. पहिल्यांदा बोटी निघायच्या त्या सकाळी भीमा अंगणात आला, पायातल्या चपला काढल्या आणि ओट्यावर टेकला. एकनाथकडे न बघता म्हणाला, "सुकाणू मी धरणार. तू पुढे उभा राहायचं. पाणी बघून सांगायचं."

"आणि जेवण?" एकनाथने विचारलं.

"जेवणाला काय झालंय? बायकोने डॉक्टरला विचारलं." भीमाचे कान लाल झाले. "आता सांग. वारा बघ. आज न्यायची का बाहेर?"

एकनाथ उठून अंगणाच्या कडेला गेला. खाडीपलीकडे ढग पसरट पडले होते, वारा मधेच पडत होता, मधेच उठत होता. दोघंही थांबले. प्रभा दारात थांबली. पूर्वी एकनाथ अशा वेळी वर न बघताच हो किंवा नाही म्हणायचा.

"मला आज नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला. "वारा कळत होता तसा कळत नाही. तूच ठरव."

भीमाने मान हलवली. त्याने स्वतः ढगांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मग उद्या जाऊ."

"उद्या जाऊ," एकनाथ म्हणाला.

प्रभा आत जाऊन चहा ठेवायला लागली. भीमा या वेळी थांबला होता.